कोंबड्या खात नाहीत तो पाला

“अहो, माझ्या मिरच्यांच्या जागी हे काय ठेवलंय?”

सुलक्षणाबाईंचा आवाज ऐकून मुरलीधर सोनटक्के दाढीचा साबण तसाच ठेवून खाली आले. केंब्रिजच्या उन्हाचा काही भरवसा नाही, म्हणून सांडगी मिरच्या वाळवायला सुलक्षणाबाईंनी विजेवरचा ड्रायर घेतला होता. त्याच्या चाळणीवर आज छोट्या ताटलीएवढं टेपचं रीळ आरामात शेकत पडलं होतं.

“हात लावू नकोस. अजून तीन तास आहेत.”

“टेप भाजताय?”

“शेकतोय. दमट होऊन चिकट झालीये ती. तशीच वाजवली तर वरचा थर निघून येतो, आवाज कायमचा गेला.”

“ऑफिसात ओव्हन होता ना?”

“बंद पडला. नव्याचा फॉर्म भरलाय. सहा महिने म्हणतात.”

“मग सहा महिन्यांनी शेका! शनिवारी मंडळाला मिरच्या द्यायच्यात मला.”

“शुक्रवारी ऑफिसवाले फेकून देणार आहेत गं तिला, खराब म्हणून.”

सुलक्षणाबाईंनी रिळाकडे पाहिलं. रीळ बिचारं काही बोललं नाही. त्यांनी झाकण लावलं आणि ताकातल्या मिरच्यांचं पातेलं परत फ्रिजमध्ये ढकललं. मुरलीधरांनी याला परवानगी समजली.

अकोल्यात मुरलीधरांचं रेडिओ-टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान होतं. सुलक्षणाबाईंना इथल्या हॉस्पिटलात नर्सची नोकरी लागली, तेव्हा ते स्क्रूड्रायव्हरचा संच बॅगेत घालून मागोमाग आले. आधी सहा वर्षं गोदामात खोकी उचलली. मग एका छोट्या ध्वनिसंग्रहाला जुनी टेप मशिनं चालवणारा माणूस हवा होता. ती मशिनं उघडायची कुठून हेही तिथे कुणाला ठाऊक नव्हतं. सोनटक्क्यांनी मुलाखतीतच एक चालू करून दाखवलं. तेव्हापासून जगभरच्या मेलेल्या माणसांचं बोलणं कॉम्प्युटरवर उतरवायचं, हे त्यांचं काम. “आमचे हे लोकांचे खोकले ऐकायला जातात,” असं सुलक्षणाबाई मंडळात सांगत.

ही टेप १९७८ सालची होती. हवाई बेटांतल्या हिलो गावी डॉक्टर व्हिटकोम नावाचे कुणी वनस्पतींचे अभ्यासक गेले होते. खोक्यावर त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: ‘झाडांची स्थानिक नावे. एक म्हातारी. वीस मिनिटे. पुढचे निरुपयोगी.’

दुपारी मुरलीधरांनी टेप मशिनवर चढवली. मागे उभी असलेली त्यांची साहेबीण जिलियन दोनदा सटासट शिंकली.

“मुरली, या टेपला कसला वास येतोय?”

“जुन्या टेपांना येतो,” मुरलीधर गंभीरपणे म्हणाले.

आवाज आला, आणि चांगला खणखणीत आला. व्हिटकोमसाहेब शाळामास्तरासारखे विचारत होते, “आणि हे काय?” मग पाल्याची सळसळ. मग एका म्हातारीचं उत्तर. साहेब म्हणायचे, “थँक यू. आणि हे?” हवाईची भाषा मुरलीधरांच्या सात पिढ्यांत कुणाला येत नव्हती, पण कान शाबूत होते. सातवं उत्तर झालं तसे ते खुर्चीत पुढे सरकले. सातही झाडांना बाई एकच नाव सांगत होत्या! शिवाय मागे दुसरी कुणी बाई तोंड दाबून हसत होती. असं हसू मुरलीधरांना पक्कं माहीत होतं. घरात लग्न जमवायला आलेला पाहुणा फुशारक्या मारू लागला, की आतल्या खोलीतून येतं ते.

वीस मिनिटं झाली. साहेबांच्या बुटांचा आवाज दूर गेला, मोटारीचं दार वाजलं.

“बस,” जिलियन म्हणाली. “पुढचं निरुपयोगी आहे, लिहिलंय तसं.”

“साहेब मशीन बंद करायला विसरलेत, मॅडम. चालू आहे ते.”

“आजच्या यादीत अजून अकरा टेपा आहेत, मुरली.”

“ही एकदाच शेकता आली. महिनाभरात पुन्हा चिकटेल, त्याआधी शुक्रवारी फेकतील. आत्ता थांबलो तर संपलं.”

जिलियनने घड्याळ पाहिलं, नाक चोळलं आणि ती निघून गेली. ती वाईट नव्हती, यादीला घाबरायची एवढंच.

टेपमधली म्हातारी आता वेगळंच बोलत होती. आवाज मशिनच्या अगदी जवळ आला होता. एकेक शब्द सावकाश, मध्ये श्वास घेऊन, पुन्हा पुढचा. हसणारी बाईही गप्प झाली होती. मुरलीधरांना यातलं ओ की ठो कळलं नाही. एवढं मात्र कळलं, की ही बाई गप्पा मारत नाहीये, कुणाच्या तरी हवाली काहीतरी करतेय. एके ठिकाणी टेप करकरली, दोन सेकंद आवाज गेला. त्यांनी घाईने मशीन थांबवलं, कापसाने मशिनचं टेप वाचणारं हेड पुसलं, थर सुटलेली ती जागा पाहून जीभ चावली आणि पुन्हा सुरू केलं.

त्या संध्याकाळी त्यांनी हिलोच्या विद्यापीठाला ईमेल लिहिली. मुलगी उर्वी ती तपासायला बसली.

“बाबा, ‘काइंडली डू द नीडफुल’ काढ. आणि हा ईमेल फार मोठी झालाय.”

“मोठी झालीये.”

“व्हॉटेव्हर. पण टेप आपल्या किचनमध्ये भाजला, हे त्यांना का सांगतोयस?”

“विचारलं तर खोटं कुठे बोलू?”

उत्तर एका रात्रीत आलं. तिथे भाषा शिकवणाऱ्या पुआ नावाच्या बाईंनी पाठवलेला आवाज ऐकला होता. गुरुवारी व्हिडिओवर बोलू या, सोबत कुणाला तरी आणते, असं त्यांनी लिहिलं होतं.

गुरुवारी संध्याकाळी सहाला, म्हणजे तिथे सकाळी आठला, पडद्यावर पुआ दिसल्या. शेजारी फुलाफुलांच्या झग्यात पंच्याऐंशीच्या एक आजी. त्यांचं नाव मोमी. इकडे ऑफिसात मुरलीधर, यादी घेऊन जिलियन आणि गाडी घेऊन न्यायला आलेल्या सुलक्षणाबाई.

मुरलीधरांनी टेप लावली. पहिल्या “आणि हे काय?”लाच मोमीआजी खळखळून हसल्या. मागून टेपमधूनही तेच हसू आलं, सत्तेचाळीस वर्षं तरुण.

“बोलणाऱ्या या मोमींच्या सासूबाई. केआलोही त्यांचं नाव,” पुआ म्हणाल्या. डोळे पुसून त्यांनी पुढे सांगितलं, “त्या सातही वेळा म्हणतायत, ‘कोंबड्या खात नाहीत तो पाला.’”

जिलियन पांढरी पडली. “आमच्या कपाटात त्या नावाची सात कार्डं आहेत. लॅटिन नावासकट.”

मोमीआजी तावातावाने काही बोलल्या. पुआंनी सांगितलं, की त्या साहेबाने सासूबाईंच्या परसातून न विचारता झाडं उपटून आणली होती आणि त्यांच्याच पुढ्यात टाकली होती. न विचारता उपटणाऱ्याला नाव सांगायचं नाही, असं सासूबाईंनी तिथल्या तिथे ठरवलं.

“बरोबर केलं!” सुलक्षणाबाई मागून मराठीत म्हणाल्या. भाषांतराची गरज पडली नाही.

मग साहेबांचे बूट दूर गेले. मोमीआजी पडद्याच्या जवळ सरकल्या.

“काय म्हणतायत?” जिलियनने हळूच विचारलं.

पुआंचा आवाज खाली आला. “त्या सुनेला म्हणतायत, ‘हे यंत्र फिरतंय अजून. फिरू दे. हे मध्येच थँक यू म्हणत नाही.’ आणि आता नावं सांगतायत. ओढ्यापासून सुरुवात केलीये. मग वारे. मग पाऊस, प्रत्येक पावसाला वेगळं नाव आहे आमच्यात. यातली बरीच मी कधी ऐकलेली नाहीत.”

जिलियनने यादी उलटी करून टेबलावर ठेवली.

मोमीआजींचे ओठ टेपबरोबर हलत होते, कधी अर्ध्या नावावर अडत होते. तेवढ्यात करकर झाली आणि ती दोन सेकंदांची पोकळी आली. मुरलीधरांनी टेप थांबवली.

“सॉरी, मॅडम. इथे थर गेलाय. माझ्या हातून गेला.”

मोमीआजी डोळे मिटून बसल्या. मग त्यांनी एक शब्द उच्चारला. पुआ वळून त्यांच्याकडे बघतच राहिल्या.

“त्यांच्या घरामागे पडणाऱ्या पावसाचं नाव आहे,” त्या म्हणाल्या. “फक्त घरामागे पडतो तो. घर आता नाही.”

मोमीआजींनी कॅमेऱ्याकडे, थेट मुरलीधरांकडे बोट केलं.

“म्हणून दाखवा, म्हणतायत. नाव तुम्ही हरवलंत, तर पाठही तुम्हीच करा.”

मुरलीधरांनी म्हटलं. आजींनी मान हलवली, नाही. पुन्हा म्हटलं. नाही. तिसऱ्यांदा तर पुआंनाच हसू आवरेना. चौथ्यांदा सुलक्षणाबाई पुढे झाल्या, हातातल्या गाडीच्या किल्ल्या खिशात टाकल्या आणि तो शब्द सावकाश, सगळ्या अक्षरांवर थांबत उच्चारला.

आजींनी मान डोलावली.

सुलक्षणाबाई खुर्ची ओढून बसल्या. मुरलीधरांनी बटण दाबलं आणि टेपमधल्या सासूबाई पुढच्या नावावर गेल्या.