सोसवतं पण धरवत नाही

मेणबत्त्यांच्या त्या लहानशा कारखान्यात आत्याचा हात म्हणजे शेवटचा शब्द. मेण वितळलं की ती डब्याला बाहेरून बोटांची पाठ लावी आणि निकाल देई: कढत आहे, थांबा; कोमट झालं, परत तापवा. साच्यात ओतायचं ते या दोहोंच्या मधलं. त्याला तिनंच नाव दिलं होतं, 'सोसवतं पण धरवत नाही.'

अलीकडे मात्र मेणबत्त्या डोक्यावर खळगे घेऊन बाहेर पडू लागल्या. आत्या वातीला बोल लावी, मेणाला नावं ठेवी. शेवटी एकदा भाचीनं तिचा हात उलटा करून पाहिला. बोटांवर फोड टरारून आले होते आणि आत्याला पत्ताच नव्हता. बोटं बधिर झाली होती. कढत डबाही त्यांना कोमटच वाटे, म्हणून मेण फार गरम असतानाच साच्यात पडे आणि निवताना खचे.

भाचीनं तापमापक आणला आणि खालच्या आवाजात सांगितलं, की उद्यापासून आत्यानं खोकी भरायला बसावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र आत्या बाह्या सारून शेगडीपाशी हजर.

"खोकी कुणीही भरेल," ती म्हणाली. "तू डब्याला हात लाव आणि काय वाटतं ते माझ्या शब्दांत सांग. त्या काचेच्या कांडीकडे मी बघते."

आकडा असताना शब्द कशाला, असं भाचीचं म्हणणं. पण कांडीवरचे मुंगीएवढे आकडे आत्याला चष्म्यातूनही दिसेनात. आतली लाल रेघ तेवढी दिसत होती, आणि तिला तेवढी पुरे होती.

भाचीनं बोटं टेकवली आणि झटक्यात मागे घेतली. कढत. आत्यानं मेणात उभ्या कांडीवर, रेघेच्या टोकाशी, खुणेला वातीचा दोरा बांधला. मेण निवत चाललं. थोड्या वेळानं भाची घाईघाईत कोमट म्हणाली, तशी आत्यानं हटकलं: नुसतं शिवू नकोस, बोटं किती टिकतात ते बघ.

भाचीनं डोळे मिटून पुन्हा बोटं टेकवली.

"सोसवतं," ती म्हणाली, आणि हात काढून घेत हसली, "पण धरवत नाही गं."

आत्यानं दुसरा दोरा आवळला, चोचीचं भांडं उचललं आणि साचे भरले.

दुपारी साचे उघडले. आत्यानं बोट फिरवून पाहिलं नाही. मेणबत्ती खिडकीच्या उजेडात आडवी धरली. माथा सपाट, गुळगुळीत.

"पुढचा डबा ठेव," ती म्हणाली.