चिठ्ठीवरचं पुस्तक

घंटा झाली आणि सहावीची चाळीस पोरं लायब्ररीच्या दारात येऊन थडकली, तेव्हा ग्रंथपाल बाईंच्या हातात चिठ्ठ्यांचा डबा होता. दोन दिवस त्या शाळेत नव्हत्या. धाकट्याला ताप यायचा होता तो नेमका लायब्ररीच्या भिंतींना रंग लागत असताना आला. पुस्तकं बाहेर काढून पुन्हा लावायचं काम पीटीच्या सरांनी अंगावर घेतलं होतं. "तुम्ही पोराकडे बघा बाई, इकडची काळजी सोडा," असं त्यांनी फोनवर ठासून सांगितलं होतं. आणि खरंच, खोली इतकी टापटीप दिसत होती की बाईंना सरांबद्दल एकदम माया दाटून आली. पुस्तकांचे माथे कसे एका रेषेत! एक वर नाही, एक खाली नाही. माणसाने काम करावं तर असं, असं त्या मनात म्हणाल्यासुद्धा. ही माया जेमतेम पाच मिनिटं टिकली.

आजचा तास साधा नव्हता. या शाळेत पुस्तकांची कपाटं आजवर कुलपात असायची. पोरांनी खिडकीशी उभं राहायचं, आतून जे पुस्तक पुढे सरकेल ते घ्यायचं आणि बहुतेक वेळा न वाचताच परत आणायचं. ग्रंथपाल बाई आल्या आणि हट्टालाच पेटल्या. कपाटं उघडी ठेवा, पोरांना आपल्या हाताने पुस्तक काढू द्या! मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकांना, हे काही पटेना. पोरं पुस्तकांची दैना करतील आणि आपण बसू चिकटवत, असं त्यांचं म्हणणं. बरीच हुज्जत झाल्यावर त्यांनी अट घातली. "सहावीला लायब्ररीची ओळख करून द्या. प्रत्येकाला चिठ्ठीवरचं पुस्तक स्वतः सापडलं, तर कपाटं उघडी. एक जरी पोर रिकाम्या हाताने गेलं, तरी सोमवारपासून कुलपं."

आणि त्या जातीने हजर होत्या. दाराशी, पहिल्या कपाटाला लागून खुर्ची टाकून बसल्या होत्या, मांडीवर किल्ल्यांचा जुडगा.

"पुस्तकालाही पत्ता असतो," बाईंनी पोरांना सांगायला सुरुवात केली. "पाठीवर खाली बघा, आकडा चिकटवलाय. गोष्टी एकीकडे, प्राणी एकीकडे, गणित एकीकडे. चिठ्ठीवर पुस्तकाचं नाव आहे, आकडा आहे. घाई नको. जा, शोधा."

पोरं पांगली. मिनिटभर छान शांतता होती. मग एक आवाज आला, "बाई, प्राण्यांच्या कपाटात गणित आहे."

"चुकून गेलं असेल एखादं."

"एखादं नाही बाई. गणित आहे, मग कविता आहेत, मग साप आहेत, मग परत गणित आहे."

बाई तिकडे गेल्या. पोर खोटं बोलत नव्हतं. सापांच्या शेजारी कविता उभ्या होत्या, कवितांना टेकून भूगोल. दुसऱ्या कपाटात विजेचे प्रयोग आणि राजाराणीच्या गोष्टी खांद्याला खांदा लावून. इतकी शिस्तीत लावलेली पुस्तकं इतकी चुकीची कशी असू शकतात? काहीतरी हिशेब असणार. रंगावर लावलीत? नाही, लालशेजारी हिरवं. नावाच्या पहिल्या अक्षरावर? तेही नाही. जुनी आधी, नवी मागून? छे! तेवढ्यात त्यांच्या मनात भलतंच आलं. सुट्टीभर इथे एकटीने बसून आकडे चिकटवले ते आपणच. आपलंच तर काही उलटसुलट झालं नाही ना?

पुढे जे काही चाललं होतं त्याला तास म्हणणं म्हणजे तासाचा अपमान. पोरं एका कपाटाकडून दुसऱ्याकडे, तिथून परत पहिल्याकडे. वर्गातला सगळ्यात उंच मुलगा, ज्याला सगळे खांब म्हणायचे, तो तर तिसऱ्यांदा त्याच भिंतीशी येऊन "इथे मी मघाशी होतो का?" असं दुसऱ्यालाच विचारत होता. जो तो बाईंना हाका मारत होता, आणि बाई प्रत्येकाला "हो हो, बघते," म्हणत भलत्याच दिशेला जात होत्या. खरं सांगायचं तर त्यांना रडू येत होतं. दाराकडे बघायची हिंमत नव्हती. एकदा चोरून बघितलं, तर मोठ्या बाईंची मान खाली. शेरे लिहीत असणार. लिहा, लिहा. लिहिण्यासारखं आहेच.

"बाई," कुणीतरी ओढणी ओढली. वर्गातली सगळ्यात बुटकी मुलगी. दिसायला एवढीशी आणि बोलायला तिखट, म्हणून तिला लवंगी म्हणत.

"थांब गं जरा."

"नाही बाई, ही पुस्तकं आमच्यासारखी उभी आहेत."

"म्हणजे?"

"मैदानावर पीटीचे सर आम्हाला उभं करतात ना, तशी. मी पुढे, खांब शेवटी. बघा ना, दाराशी सगळी माझ्यासारखी आहेत."

बाईंनी बघितलं. दाराशी बोटभर उंचीची चिमुकली पुस्तकं. मग जराशी मोठी, मग आणखी. कपाटामागून कपाट, खण संपून खण, उंची इतक्या हळूहळू चढत गेली होती की जवळून कुणाच्या लक्षातच येऊ नये. पार टोकाला, खिडकीखाली, दोन हातांनी उचलायचे नकाशे. एवढ्या सगळ्या पुस्तकांना त्या भल्या माणसाने उंचीप्रमाणे रांगेत उभं केलं होतं! सरांच्या जगात उभं राहायची दुसरी कुठली रीतच नव्हती.

बाईंना आधी संताप आला, मग हसू आलं, आणि मग दोन्ही गिळून त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. वेळ फार उरला नव्हता.

"बाई, माझं पुस्तक केवढं आहे?" खांबाने विचारलं.

"कुठलं आहे?"

"ज्वालामुखींचं."

बाईंनी डोळे मिटले. एकेका पुस्तकाला त्यांनी स्वतःच्या हाताने आकडा लावला होता. ज्वालामुखीचं पुस्तक मांडीवर आडवं घ्यावं लागलं होतं. त्यांनी हात फाकवले. "एवढं. आणि जाड."

खांब खिडकीकडे पळाला, मान वाकडी करून आकडे वाचत गेला, आणि ओरडला, "सापडलं!"

मग काय विचारता. बाई खोलीच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि पोरांनी त्यांच्याभोवती कडं केलं. मुंग्यांची घरं? वीतभर. चंद्रावरची सहल? त्याहून दोन बोटं जास्त. विनोदी कविता? ही एवढीच. मोठ्या माणसाने हवेत असे हात नाचवावेत का, असा प्रश्न कुणाला पडला असता तर पडो. पोरं हातांमधलं अंतर डोळ्यात धरून पळत होती आणि पुस्तक घेऊन येत होती.

घंटेला थोडा अवकाश असताना फक्त लवंगी उरली. सगळ्यांना रांगेचं गुपित सांगण्यात तिचं स्वतःचं शोधायचं राहूनच गेलं होतं.

"दीपगृहात राहणाऱ्या मुलीची गोष्ट," तिने चिठ्ठी वाचली.

"अगदी लहान. तळहाताएवढं. पहिलं कपाट, वरून दुसरा खण."

लवंगी गेली. टाचा उंचावून एकेक आकडा तिने बोटाने वाचला, आणि वळून म्हणाली, "बाई, इथे फट आहे."

बाई धावल्या. खरंच फट होती. दोन्हीकडची पुस्तकं तिच्यात कलली होती. कोणी नेलं? कधी नेलं? चाळीसांतलं एक पोर रिकाम्या हाताने जाणार, तेही हेच! बाई शेजारची पुस्तकं पुढे ओढून त्यांच्यामागे बघू लागल्या.

लवंगी मात्र फटीकडे बघतच नव्हती. ती खुर्चीकडे बघत होती.

मोठ्या बाई शेरे लिहीत नव्हत्या. किल्ल्यांचा जुडगा मांडीवरून घसरून खाली पडला होता आणि त्यांना पत्ताही नव्हता. तळहाताएवढं पुस्तक डोळ्यांजवळ धरून त्या वाचत होत्या, ओठ किंचित हलवत.

"मोठ्या बाई," लवंगी म्हणाली, "ते माझं आहे."

त्या दचकल्या. पुस्तक उलटून त्यांनी पाठीवरचा आकडा पाहिला, मग चिठ्ठीवरचा. "अगं, दोनच पानं राहिलीत," त्या म्हणाल्या. स्वर जवळजवळ लाडीगोडीचा होता.

लवंगीने ग्रंथपाल बाईंकडे पाहिलं. सगळी पोरं बघत होती. तासभर बाईंना कशाचाच पत्ता लागत नव्हता, पण आता काय बोलायचं ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"नाही हं, मोठ्या बाई. चिठ्ठी तिची आहे. तुम्हाला ती परत करेल तेव्हा मिळेल."

घंटा झाली. मोठ्या बाईंनी पुस्तक मिटलं, क्षणभर हातातच धरलं, आणि लवंगीला दिलं. त्या निघून गेल्या. पोरं गेली. पीटीच्या सरांनी दारातून डोकावून, "कशी लावली रांग?" असं छाती फुगवून विचारलं आणि बाईंना खरोखर समजेना की या माणसाला ओरडावं की चहा पाजावा. उत्तराची वाट न बघता ते मैदानाकडे गेलेसुद्धा.

बाईंनी जमिनीवरच्या किल्ल्या उचलल्या. आता या नेऊन द्यायच्या की काय? तेवढ्यात मोठ्या बाई परत आल्या. बाईंनी जुडगा पुढे केला. त्यांनी तो बघितलाही नाही.

"ती पोरगी कधी परत आणणार?"

"आठवडाभर ठेवता येतं."

"आठवडा?" मोठ्या बाई कळवळल्या. त्या पहिल्या कपाटापाशी गेल्या, फटीच्या शेजारी बोट फिरवलं, आणि मागे न वळताच म्हणाल्या, "बरं. मग तोवर मी आपल्या हाताने दुसरं काहीतरी काढते. लहानसंच."