पट्टी सोडायची नाही

आईने डाव्या हाताने कप पुढे केला आणि निम्मा चहा बशीत सांडला. लेकीचं लक्ष चहाकडे नव्हतंच.

"काहीतरी कुजलंय गं घरात. फ्रिज उघडून बघितलास का?"

"कसलं कुजतंय! तुझं नाकच मेलं तिखट."

पण उजवा हात टेबलाखालीच राहिला. लेकीने तो ओढूनच बाहेर काढला. मनगटापर्यंत पट्टी, तिच्यावर हिरवट डाग, बोटं टम्म सुजलेली. हात तव्यासारखा तापला होता आणि वास तिथूनच येत होता.

"अगं आई गं! हे काय करून ठेवलंयस?"

"तेल उडालं. ओरडू नकोस, शेजारी ऐकतील."

"पट्टी कधी बदललीस?"

"बदलायचीच नसते मुळी." आई शहाण्यासारखी हसली. "तू लिहितेस त्या मालिकेतला डॉक्टर नाही का सांगत, पट्टीला हात लावू नका, जखम आतल्या आत भरते? तुझ्या त्या हात भाजलेल्या हिरॉइनबरोबरच सोडणार होते मी. रविवारी, महाभागात."

वाक्य लेकीनेच लिहिलं होतं. मालिकेच्या सल्लागार डॉक्टरीणबाईंनी तेव्हा कपाळावर हात मारला होता. "अहो, भाजलेली जखम धुवावी लागते! पू झाला तर पट्टी आधी सोडायची!" त्यावर लेक म्हणाली होती, "रोज सोडली तर रविवारी लोक काय बघणार, माझं थोबाड?" सगळे खो खो हसले होते.

दवाखान्यात नर्सने मिठाचं पाणी ओतून ओतून पट्टी सोडवली. शेवटचा थर निघाला आणि लेकीने तोंड दाबून धरलं. शूटिंगला हिरॉइनच्या हातावर मेकअपवाल्याने दोन गुलाबी रेघा ओढल्या होत्या, बास.

तरुण डॉक्टर भडकलाच. "बोटं वाचतीलच असा शब्द देत नाही. आजी, पट्टी सोडू नका असं कुठल्या दीडशहाण्याने सांगितलं तुम्हाला?"

आईचे ओठ वेदनेने पांढरे पडले होते. तिने एकदाच लेकीकडे पाहिलं.

"कुणी नाही हो. माझंच म्हातारीचं डोकं. ही तर आल्या आल्या ओरडली मला."

डॉक्टर दुसऱ्या खाटेकडे वळल्यावर तिने चांगल्या हाताने लेकीला जवळ ओढलं.

"रविवारी तिचा, हिरॉइनचा तरी बरा होतो ना गं हात?"