मागे बस

मी एक जुनी जीप बोलतेय. बोलतेय कसली, कुरकुरतेय! उभा जन्म डोंगरातल्या दगडधोंड्यांत गेला, हाडं खिळखिळी झाली. आज सकाळी गॅरेजमध्ये चाकं काढून विटांवर बसवलं मला.

माझा मालक नुकताच गेला. लांबच्या वस्त्यांवर सामान पोचवायचा. भारी अबोल माणूस! एकुलत्या एका लेकीला गाडीत घेताना दोनच शब्द बोलायचा, "मागे बस." पोर पुढच्या सीटसाठी भोकाड पसरायची. मोठी झाल्यावर रुसायची. मग तिने मागणंच सोडलं. पुढची सीट कायम रिकामी. बाबांना मी जवळ नकोच आहे, असं तिने मनाशी धरलं ते धरलंच.

आता ती मला विकायला निघालीय. "एकदाची ब्याद जाऊ दे," असं माझ्या तोंडावर म्हणाली! सोबत तिची आत्याही आली होती.

मिस्त्री माझ्या पुढच्या डाव्या दाराशी अडला. "ताई, हे दार वेल्ड करून टाकलंय. असं कोण करतं?"

"ते बाबांनाच ठाऊक," ती फणकारली.

त्याने दाराचा आतला पत्रा काढला. खिट्टीत पिवळ्या कापडाची चिंधी अडकलेली होती. आत्याने ती अलगद सोडवून हातात घेतली.

"वहिनीची ओढणी गं ही! दादाने शपथ घातली होती मला... तुझी आई तापाने नाही गेली. तू तिच्या मांडीवर होतीस. ओढणी दारात अडकली, खिट्टी नीट बसलीच नाही. वळणावर गाडी उसळली आणि दार उघडलं. तिने दोन्ही हातांनी तुला आत ढकललं. स्वतःला सावरायला हातच उरला नाही."

लेकीने ती चिंधी आत्याच्या हातातून घेतली.

"आपल्यामुळे आई गेली असं तुला वाटू नये, म्हणून जन्मभर गप्प बसला तो."

मला सगळं माहीत होतं हो. त्या वळणावर दर वेळी त्याचा डावा हात रिकाम्या सीटवर जायचा, कुणाला तरी धरायला. पण सांगणार कशी? हॉर्न वाजवण्यापलीकडे मला येतं काय!

संध्याकाळी माझी चाकं बसली. "वेल्डिंग कापून दार मोकळं करू?" मिस्त्रीने विचारलं. तिने नुसती मान हलवली, नको म्हणून. बरं वाटलं मला. खुशाल विका मला, नाहीतर भंगारात घाला. ते दार तेवढं बंदच असू द्या.

चक्कर मारून बघायला मिस्त्री स्टिअरिंगवर बसला. शेजारची सीट फडक्याने झटकत म्हणाला, "या ताई, इकडून चढा, पुढे बसा."

ती मागच्या फळीवर चढली. डोळे पुसत म्हणाली, "नको. बाबा रागावतील."