अर्थिंगला बसलेला माणूस

आवाज तसा मोठा नव्हता. तोंड मिटून कुणीतरी नाराजी व्यक्त करावी तसा, नुसता घूंऽऽ. पण दुपारपासून तो स्पीकरमधून येत होता आणि दुपारपासून बारक्याचं बूड टेकलेलं नव्हतं. हॉलच्या मागच्या भिंतीशी लाकडी फळ्यांचा एक उंच कट्टा, कट्ट्यावर टेबल, टेबलावर मिक्सर आणि शेजारी फळ्यांच्या कडेला कॉम्प्युटरचा डबा. बारक्या कट्ट्यावर चढे, वायर काढे, वायर लावे, उतरे, स्पीकरपाशी जाऊन कान लावे, पुन्हा चढे. माउस हलवला की घूंमध्ये किर्रर्र मिसळायचं. फाइल उघडली की टिकटिक. मशीनच्या मनात काय चाललंय ते सगळ्या हॉलला ऐकू येत होतं, आणि मशीनच्या मनात फारसं काही नव्हतं.

संध्याकाळी प्रयोग होता. नाटकात आत्या एकटीच. आत्या म्हणजे बारक्याच्या बाबांची थोरली बहीण, एकेकाळी हिच्या आवाजाला भिऊन कबुतरं हॉलमध्ये घरटं करायची नाहीत. मग घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज कुजबुजीपुरता उरला. दुसरी कुणी असती तर घरी बसली असती. आत्यानं स्वतःच्या जुन्या रेकॉर्डिंगचे तुकडे जमवले आणि नाटक बांधलं. कॉम्प्युटरमधून तिचा जुना आवाज बोलणार, आणि स्टेजवरून ती त्याला कुजबुजून उत्तरं देणार. माइकशिवाय. माइक लावून बघितला होता.

"चेटकीण वाटते मी," आत्या म्हणाली होती. "माझं मलाच पोचवायचंय. शेवटच्या रांगेपर्यंत."

स्पीकर बंद असले की पोचत होतं. बारक्यानं शेवटच्या रांगेत बसून ऐकलं होतं. स्पीकर चालू केले, घूं आलं, की आत्या तिसऱ्या रांगेत संपत होती.

त्यानं मिक्सरचा खटका खाली ओढून बघितला. खटका खाली, घूं गायब. पण जुना आवाज ऐकवायला खटका वर न्यावाच लागे, आणि संवाद इतके लागोपाठचे की घूं येई, जाई, येई, जाई. पडद्यामागे कुणी घोरत असल्यासारखं. मग आवाज मोबाइलवरून वाजवायचं ठरलं. लाइटवाल्या झिरोनं मोठ्या मनानं स्वतःचा फोन दिला. नेमका आत्याच्या सगळ्यात हळव्या वाक्यानंतर झिरोच्या मेहुणीचा फोन आला आणि हॉलभर विचारणा झाली, "भावोजी, टाकी भरली का बघितलीत?"

"विमान मोड लावतो," झिरो म्हणाला.

"विमानही नको," आत्या कुजबुजली. "तुझा फोनही नको. बारक्या, आवाज घालव. नाही गेला तर मी प्रयोग रद्द करते. अर्ध्या हॉलला ऐकू न जाणारी बाई बघायला लोकांनी का यावं?"

ती हे इतक्या हळू म्हणाली की ऐकायला दोघांना वाकावं लागलं, आणि वाकल्यावर सरळ व्हायचं धाडस होईना.

तेवढ्यात दारातून गडगडाट झाला. "ती म्हणतेय आवाज घालव!"

बाबा आले होते. आत्याचा गरम पाण्याचा थर्मास घेऊन. बाबांचा धंदा प्लंबिंगचा, आणि ऑपरेशनपासून जोडधंदा आत्याचा लाउडस्पीकर होण्याचा. दुकानात, दवाखान्यात, जिन्यावर, ती कुजबुजली की हे तेच मोठ्यानं म्हणून टाकायचे. प्रेमानंच. पण कधीकधी तिचं वाक्य पूर्ण व्हायच्या आधी.

"लाइट जरा कमी कर," आत्या झिरोला म्हणाली.

"ती म्हणतेय लाइट कमी कर! आणि जेवलास का विचारतेय!"

"मी नाही विचारलं."

"तिनं नाही विचारलं म्हणतेय!"

आत्यानं थर्मास हातात घेतला, भावाकडे बघितलं आणि एक शब्दही न बोलता आत गेली. न बोललेलं काही बाबांना मोठ्यानं म्हणता येईना. ते अस्वस्थ होऊन खुर्च्यांचे स्क्रू तपासत फिरू लागले. त्यांना मुळात स्वस्थ बसता यायचं नाही. स्वतःच्या लग्नाच्या फोटोतही ते हललेले आहेत.

शेवटी वायरमनला बोलावलं. तो आला, टेस्टर काढला, कॉम्प्युटरच्या पत्र्याच्या डब्याला लावला. टेस्टर पेटला. वायरमननं मान अशी हलवली की जणू पेशंटच्या घरच्यांना बाजूला घ्यावं.

"डब्याला अर्थिंग नाही. थोडी वीज साठून राहते, तिला खाली जायला वाट नाही. मग ती तुमच्या वायरीतनं मिक्सरमध्ये घुसते आणि तिथं कुरकुरते."

"बोर्डाला तर हिरवी तार आहे," बारक्या म्हणाला.

"तार आहे हो. जाते कुठं ते बघू."

तार बोर्डातून निघून भिंतीच्या कडेनं, दाराच्या चौकटीवरून, मेकअपच्या खोलीमागच्या बाथरूममध्ये गेली होती. बारक्या, वायरमन, झिरो आणि कुणी न बोलावता बाबा, असे चौघे तिच्या मागोमाग बाथरूममध्ये शिरले. तिथं पांढऱ्याशुभ्र प्लास्टिकच्या पाइपाला ती हिरवी तार गोल गोल गुंडाळून, वर गाठ मारून, टोक आत दुमडून बांधलेली होती.

वायरमन बराच वेळ ती गाठ बघत राहिला. "इतकी सुबक गाठ मी आजवर बघितली नाही. कुणाची?"

"माझी," बाबा छाती काढून म्हणाले. "इथला लोखंडी पाइप सडला होता, मीच बदलला. ही तार त्याला बांधलेली होती. म्हणून नव्यालाही बांधली. कुणाची वस्तू इकडची तिकडे करायची नाही, आपला नियम आहे."

"काका, ही हॉलची अर्थिंग होती."

"मग आहे की जागच्या जागी."

"पाइप प्लास्टिकचा आहे."

"म्हणून तर गंजत नाही."

"वीजही जात नाही त्यातनं!"

बाबांनी पाइपाकडे बघितलं. मग वायरमनकडे. मग, आरोप पाइपावर ढकलता येईल का याचा अंदाज घेत, पुन्हा पाइपाकडे. आणि या सगळ्याचं ओझं झाल्यामुळे त्यांनी सवयीनं नळ उघडून बघितला. पाणी उत्तम आलं. सगळ्यांच्या पायावर आलं.

"आता?" बारक्यानं विचारलं.

"आता खाली खड्डा खणायचा, तांब्याची पट्टी पुरायची. उद्या माणसं आणतो."

"प्रयोग आज आहे हो!"

मग जिन्याच्या लोखंडी कठड्याला तार बांधून बघितली. कठड्यावर रंगाचे इतके थर होते की खालचं लोखंड सापडेपर्यंत झिरोनं चार वेगवेगळे रंग खरवडले. लांबलचक तार डब्यापर्यंत आणली. घूं जरा कमी झालं आणि त्यामागून रेडिओवरची एक बाई स्वच्छ आवाजात हवामानाचा अंदाज सांगू लागली. किनारपट्टीवर जोराचे वारे होते. आत्या पडद्याआडून बाहेर आली, अंदाज पूर्ण ऐकला आणि आत गेली.

बाहेर लोक जमायला लागले होते. आत्या आत आरशासमोर बसून साडीची पिन काढत होती की लावत होती हे बारक्याला कळेना, आणि विचारायची छाती होईना.

"चूक माझी नाही," बाबा अजून तिथंच होते, कट्ट्याखाली, ओल्या अनवाणी पायांनी. "पाइपाला तार कशाला बांधतात हे मला कुणी सांगायला नको? उद्या नळातनं दूध येईल असं म्हणाल!" आणि मुद्दा ठसवायला त्यांनी डब्यावर हात आपटला.

घूं थांबलं.

चौघेही थांबले. हॉलमध्ये इतकी शांतता झाली की झिरोच्या पोटातली भूक ऐकू आली.

बाबांनी हात उचलला. घूं. ठेवला. शांत.

"काय केलं मी?" बाबा घाबरून म्हणाले. "मी काही केलं नाही!"

"काढू नका हात!" बारक्या ओरडला.

वायरमननं खाली वाकून बाबांचे पाय बघितले, ओली फरशी बघितली. मीटर काढून मोजलं. "हॉलला अर्थिंग नाही, पण काका आहेत. बसू द्या. मुंग्या येतील हाताला, बाकी धोका नाही."

मग त्यांनी इतरांनाही लावून बघितलं. बारक्या कट्ट्यावरून शिवला तर लाकडामुळे काहीच होईना. झिरोनं पाय भिजवून हात ठेवला तर अर्धवट घूं राहिलं. वायरमननं स्वतः ठेवला तर त्याहून वाईट; आयुष्यभर विजेपासून लांब राहायची सवय. बाबांच्या तळपायांत मात्र जन्मभराची ओली बाथरूमं मुरलेली होती. असा माणूस दुसरा नव्हता.

बारक्या धावत आत गेला. "आत्या, आवाज गेला!"

"कसा?"

"बाबा."

आत्यानं आरशातून त्याच्याकडे बघितलं. "तो तिथं बसणार? पूर्ण वेळ?"

"हो."

"हात न हलवता?"

"हो."

"आणि तोंड?"

आत्यानं पिन लावली.

प्रयोग सुरू झाला. बाबा कट्ट्याखाली स्टुलावर, पाय ओल्या गोणपाटावर, उजवा हात डब्यावर. पहिली काही मिनिटं ते थोर पुरुषाच्या पुतळ्यासारखे बसले. मग नाक खाजलं. मग गुडघा. मग हातातल्या मुंग्या खांद्यापर्यंत चढल्या. बारक्या एक बोट खटक्यावर आणि एक डोळा बापावर ठेवून बसला होता, त्याच्या पायानं आपोआप ठेका धरला होता आणि तो थांबवायला दुसरा पाय वापरावा लागत होता.

स्टेजवर जुना आवाज घुमला. "कुठं आहेस तू? मोठ्यानं बोल!"

बाबांची मान झटकन वर झाली. हा आवाज त्यांनी ऑपरेशननंतर पहिल्यांदा ऐकला होता. तालमीला ते कधी आलेच नव्हते. दरवेळी कुठं ना कुठं पाइप फुटलेला असायचा. त्यांचा हात डब्यावरून सरकला.

घूंऽऽ.

स्टेजवर आत्या तोंड उघडून थांबली. उत्तर द्यायचं होतं, ते तिनं दिलं नाही. लोक वळून बघू लागले. बारक्यानं खाली वाकून दात ओठ खात सांगितलं, "बाबा! हात!"

बाबांनी उजवा हात ठेवला. विश्वास वाटेना म्हणून डावाही ठेवला. तरीही विश्वास वाटेना म्हणून डब्याला चक्क मिठी मारली आणि गाल पत्र्यावर दाबला, इतका की ओठ एका बाजूला सरकून मिटले गेले. घूं पार तळाला गेलं.

"इथंच आहे," आत्या म्हणाली.

बारक्यानं शेवटच्या रांगेकडे बघितलं. शेवटची रांग त्याच्या अगदी पुढ्यातच होती. तिथली एक बाई, जी आतापर्यंत पर्समध्ये काहीतरी शोधत होती, ती शोधायची थांबली.

एकेक तुकडा गेला. जुना आवाज विचारत होता, आत्या सांगत होती, आणि प्रत्येक उत्तरानंतर बाबांच्या पत्र्यावर दाबलेल्या तोंडातून नुसती हवा येत होती. वाक्य येत नव्हतं. शेवटचा तुकडा होता, "बस कर आता. कोण ऐकणार तुझं?" त्यावर आत्याचं एक वाक्य, आणि अंधार.

ते वाक्य आत्यानं म्हटलं. पण अंधार करायची खूण तिनं केली नाही. झिरो बटणावर बोट ठेवून ताटकळला. आत्या दोन पावलं पुढं आली आणि नाटकात नसलेलं बोलू लागली. दवाखान्यातल्या खिडकीबद्दल. घशाला नळी असताना पहिला शब्द कुठला म्हणावासा वाटला त्याबद्दल. दुकानात आपण काय मागतोय ते आपल्या आधी दुसऱ्यानं सांगितलं की कसं वाटतं त्याबद्दल. चिडून नाही, खुर्ची ओढून बसल्यासारखं.

कॉम्प्युटरचं काम आता संपलं होतं. बारक्यानं खटका हळूच खाली ओढला. आता डब्याला कुणी धरलं काय, सोडलं काय, स्पीकरला काही फरक पडणार नव्हता.

त्यानं खाली बघितलं. बाबांनी डबा दोन्ही हातांनी आवळून धरला होता, डोळे उघडे होते आणि गाल पत्र्याला चिकटलेला होता. ते नजरेनंच विचारत होते, सोडू का?

बारक्यानं मान हलवून नाही म्हटलं, आणि दिवसभरात पहिल्यांदा खुर्चीत बसला. स्टेजवर आत्या बोलत होती.