डावा कान

डॉक्टरबाईंनी आधी सगळा श्वास सोडून दिला आणि छातीत जेवढा उरला तेवढ्यावर कुजबुजल्या, "सात. दोन. नऊ."

खोलीच्या दुसऱ्या टोकाला त्यांच्याकडे पाठ करून उभ्या असलेल्या उमेदवाराने खणखणीत उत्तर दिलं, "सात, दोन, नऊ!"

"अरे, हळू. पलटण नंतर हलव."

मदतनिसाने उमेदवाराच्या दुसऱ्या कानावरचं बोट काढलं आणि हसू दाबलं. सैन्यभरतीच्या तपासणीत कान बघायची ही जुनी पद्धत. मशीन दुरुस्तीला गेलं की तिलाच शरण जायचं, आणि मशीन बहुतेक वेळा दुरुस्तीलाच असे. एक कान मदतनीस बोटाने बंद करणार, उरलेल्या कानासाठी डॉक्टर लांबून कुजबुजणार. श्वास सोडून बोललं की आवाजाला जोर राहत नाही, सगळ्यांना सारखाच ऐकू जातो. डॉक्टरबाईंची कुजबूज केंद्रात प्रसिद्ध होती. कुणाला पास करायचं म्हणून ती कधी मोठी झाली नव्हती, की कुणाचा राग आला म्हणून बारीक झाली नव्हती.

आज मात्र त्यांना एका जागी उभं राहवत नव्हतं. उमेदवार बाहेर गेला की त्या खिडकीपाशी जात, अंगणातली रांग बघत आणि परत येत. रांगेत त्यांच्या सख्ख्या धाकट्या बहिणीचा मुलगा होता. सगळ्यांच्या वर त्याचं डोकं दिसत होतं. लहानपणी पडलेलं 'टिल्लू' हे नाव आता त्याला अजिबात शोभत नसे, पण घरात दुसऱ्या नावाने त्याला कुणी हाक मारत नसे.

धाकटी परवा येऊन गेली होती. चपला काढायच्या आधीच तिने सुरुवात केली.

"ताई, टिल्लूला डाव्या कानाने जरा कमी ऐकू येतंय गं. या दोन-चार महिन्यांतच. हाक मारली तर ओ देत नाही. तेवढं सांभाळून घे."

"म्हणजे काय करू?"

"काय म्हणजे? कानच तर आहे! बंदूक काय कानाने धरतात?"

डॉक्टरबाईंना हसू आलं आणि लगेच रागही आला. "सीमेवर रोज गोळीबार चाललाय. अंधारात मागून कोण आलं हे ज्याला कळत नाही, तो स्वतः मरतो आणि शेजारच्यालाही घेऊन जातो. आणि मी कानाची डॉक्टर असून त्याला माझ्याकडे आणलं का नाहीस?"

"येतोय कुठे तो! कानात अंघोळीचं पाणी गेलंय म्हणतो." धाकटी खुर्चीच्या कडेवर टेकली. "ह्यांचा कारखाना बंद पडला तेव्हापासून घरात कसं चाललंय ते तुला माहितीये. टिल्लू मुलाखती देऊन देऊन थकला. सगळीकडे 'कळवतो' म्हणतात, कळवत कुणी नाही. निवडणुकीत मी मंत्रीसाहेबांसाठी दारोदार फिरले, ते काय हौस म्हणून? त्यांच्या माणसाने शब्द दिलाय. पोरगा धावण्यात निघू दे, पुढचं आम्ही बघतो म्हणाला. आणि पुढचं म्हणजे तूच निघालीस!"

"माझ्याकडून खोटं होणार नाही."

"जन्मभर खरं वागलीस, एकदा बहिणीसाठी नाही चालणार?"

डॉक्टरबाईंनी पाण्याचा पेला पुढे केला. धाकटी पाणीही न पिता निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मंत्र्यांच्या त्या माणसाचा फोन आला. बोलणं अगदी लोण्यासारखं. बाईंच्या बदलीचा अर्ज बरेच दिवस पडून आहे, त्यात लक्ष घालू, असंही तो जाता जाता म्हणाला. 'तपासणीत निघेल ते निघेल,' एवढंच सांगून डॉक्टरबाईंनी फोन ठेवला आणि मग दिवसभर घरात येरझारा घातल्या. भाजी करपली. पण खरं सांगायचं तर मनातल्या मनात त्या स्वतःवर थोड्या खूशही होत्या. उमेदवार नात्यातला आहे, दुसऱ्या कुणाला बसवा, हे त्यांनी आपणहून केंद्रप्रमुखांना सांगितलं होतं. केंद्रप्रमुखांनी हातच जोडले होते.

"बाई, दुसरा डॉक्टर आणू कुठून? आणि तुम्ही नातं बघणार? तुम्ही स्वतःच्या आईलासुद्धा नापास कराल!"

"पुढचा!" मदतनिसाने दारातून हाक दिली.

टिल्लू आत आला. मावशी म्हणाला नाही, 'नमस्कार मॅडम' म्हणाला. घरून पढवून पाठवलं असणार. त्याने पाठ केली. मदतनिसाने टाचा उंचावून त्याचा डावा कान बंद केला. उजव्या कानाची उत्तरं झटपट आली. मग बाजू बदलली.

डॉक्टरबाईंनी श्वास सोडला. "चार. आठ. एक."

टिल्लू गप्प.

"पाच. तीन. सहा."

"आं?"

मदतनिसाने बाईंकडे बघितलं. त्या दोन पावलं पुढे आल्या, तेवढी मुभा होती. पुन्हा आकडे. पुन्हा काही नाही. आवाज केसभर वाढवला असता तर कुणाला कळलं असतं? मदतनिसालाही नाही. फाटकाबाहेर धाकटी उन्हात उभी होती. तिच्या घरी काय शिजतं आणि काय शिजत नाही, ते त्यांना ठाऊक होतं. तरी आवाज वाढला नाही. जमलं, त्यांच्या मनात आलं. घरच्या माणसाच्या बाबतीतही जमलं.

"तुम्ही पुढच्याला तयार करा," त्या मदतनिसाला म्हणाल्या. "याचा कान मी जवळून बघते."

तो गेला. डॉक्टरबाईंनी टिल्लूच्या मागे उभं राहून त्याचा उजवा कान स्वतःच्या बोटाने घट्ट बंद केला. अगदी कानाशी आकडे म्हटले, तरी तो हलला नाही. तपासायचं असं काही उरलं नव्हतं. पण तोंडावर जे बोलवत नाही, ते ऐकू न येणाऱ्या कानात बोलायला काय हरकत आहे? तेवढंच मन हलकं झालं असतं. त्यांनी श्वास सोडला.

"टिल्लू, माफ कर रे राजा. मी तुला नापास करतेय."

आणि टिल्लूचे खांदे खाली आले.

आवळलेल्या मुठी सुटल्या. छातीत धरून ठेवलेला श्वास त्याने एवढा मोठा सोडला की पाठीवरचा सदरा हलला. असा सुटणारा श्वास डॉक्टरबाईंनी या खोलीत पुष्कळदा पाहिला होता. पास झालेली पोरं असा श्वास सोडायची.

"ऐकू आलं तुला," त्या तशाच कुजबुजत म्हणाल्या.

त्यांच्या बोटाखाली त्याची शीर धडधडत होती.

"जायचं नाहीये?"

टिल्लूची मान लाल झाली. त्याने वळून बघितलं नाही.

"आईने किती जणांचे पाय धरलेत, मावशी," तो शेवटी म्हणाला. "तिला नाही कसं म्हणू? पण मला भीती वाटते. खूप भीती वाटते."

डॉक्टरबाईंनी बोट काढलं. त्या खिडकीपाशी गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. कान ठणठणीत होता. म्हणजे खरं लिहायचं तर पोरगा पास. धाकटीला हवं तेच, मंत्र्याच्या माणसाला हवं तेच, आणि सगळं केंद्र म्हणणार, बाईंना फोन लागू पडला. खोटं लिहायचं तर नापास, आणि लोक म्हणणार, बाई म्हणजे बाई! डोक्याचा नुसता भुगा झाला. एवढ्या भेदरलेल्या पोराला पहाऱ्यावर उभं करायचं? त्याच्या भरवशावर शेजारी चार जणांनी झोपायचं? पण भीती तपासायला त्यांना कुणी ठेवलं नव्हतं. त्यांना कान तपासायला ठेवलं होतं.

मदतनीस दारात आला. "मॅडम, काय लिहू?"

टिल्लू अजून भिंतीकडे तोंड करून उभा होता.

"डावा कान," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि थांबल्या. "नापास."

मदतनिसाने त्यांच्याकडे बघितलं ते देवळातल्या मूर्तीकडे बघावं तसं.

दुपारी केंद्रप्रमुख स्वतः त्यांच्या खोलीत आले, सोबत चार माणसं घेऊन. "सख्ख्या बहिणीचा मुलगा, वरून फोन, तरी बाई ढळल्या नाहीत," ते म्हणाले. "शिका काहीतरी!" सगळ्यांसाठी चहा मागवला गेला. डॉक्टरबाईंनी आपला कप तसाच बाजूला ठेवला. सांगून टाकावं, असं दोनदा ओठांवर आलं. पण सांगितलं असतं तर टिल्लूला पुन्हा आत बोलावलं असतं. डोकं दुखतंय म्हणून त्या उठल्या.

फाटकाबाहेर धाकटी होती. तिच्या उजव्या हाताला टिल्लू.

"माणूस आहेस का गं तू?" धाकटी म्हणाली. तिचा आवाज चिरकला. "मान मिळाला ना आत? चहापाणी झालं ना? माझ्या पोराच्या जिवावर मोठी झालीस. आजपासून तुला बहीण नाही, समज."

डॉक्टरबाईंनी टिल्लूकडे बघितलं. बोल रे एक शब्द, त्यांना ओरडावंसं वाटलं. टिल्लू रस्त्याकडे बघत होता. बहिरेपणाचं सोंग त्याने छान वठवलं होतं. आई बोलत असताना तो तिच्याकडे वळतही नव्हता.

"चल," धाकटी त्याला म्हणाली. तो हलला नाही. मग ती वळसा घालून त्याच्या उजव्या कानाच्या बाजूला गेली, त्याचा दंड धरला आणि लहान मुलाला सांगावं तसं मोठ्याने म्हणाली, "चल, बाळा. घरी जाऊ."

दोघं निघाले. थोडं पुढे जाऊन धाकटी थबकली. पदराने तोंड पुसून मागे आली. बहीण नाही म्हणून आत्ताच सांगितलेल्या बाईशी कसं बोलावं ते तिला कळत नव्हतं. पण ओळखीत कानाची दुसरी डॉक्टर तरी कुठे होती!

"यावर औषध काय?" तिने खाली बघत विचारलं. "बरा होईल ना तो?"

टिल्लू मागे रस्त्यावरच उभा होता, पण आता त्याची मान वळली होती.

"होईल," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"कधी?"

"ते त्याच्यावर आहे."