मागच्या चॅनेलचं बटण

मी रिमोट. सोफ्याच्या फटीत सापडतो ना, तोच. टीव्हीकडे सगळे बघतात आणि मला सगळे शोधतात. सापडलो की आधी तळहातावर आपटतात, आतले सेल जागचे हलावेत म्हणून. एवढा मार खाल्लेल्याला चार शब्द बोलायचा हक्क असावा, असं मला वाटतं.

कारखान्यात माझ्यासारखे ढिगाने होते. त्यातला मी या घरात आलो. दोन खोल्या, तिघं माणसं. बाप बस डेपोत हजेरी घेणारा, शब्दाला पक्का आणि आवाजाला जड. आई घरीच शर्टांच्या कॉलरी शिवायची आणि दुपारी दुकानात पोचवायची. मुलगा बेकरीत. पहाटे भट्टीवर जायचा, दुपारी घरी यायचा. त्याची बोटं कितीही धुतली तरी पिठाची असायची आणि ते पीठ माझ्या बटणांच्या फटीत जाऊन बसायचं.

आई दुकानात गेली की बेकरीवाला टीव्ही लावायचा. आमचा टीव्ही म्हातारा, चित्र यायला वेळ घ्यायचा. तोवर यानं आकडे दाबलेलेसुद्धा असायचे. दुपारची मालिका. तीत एक डॉक्टर होता आणि एक गॅरेजवाला, आणि त्या दोघांचं एकमेकांवर प्रेम होतं. बेकरीवाला त्यांच्यासाठी जीव टाकायचा आणि मालिका लिहिणाऱ्यांना शिव्या घालायचा. "या घरातल्या प्रत्येकाची तीन-तीन लग्नं लावलीत," तो पडद्याला म्हणायचा, "आणि ही दोघं जवळ आली की तुमचा कॅमेरा खिडकीबाहेर. काय आहे त्या खिडकीत एवढं?" त्याचं म्हणणं खरंच होतं. ती खिडकी मला पाठ झाली होती.

त्याला सगळ्यात जास्त भीती होती ती एका गोष्टीची. "यातल्या एकाला मारतील बघ," तो म्हणायचा. "नाहीतर परदेशी पाठवतील. असल्या माणसांचं हे दुसरं काही करतच नाहीत."

आणि तो वाट बघत होता. गॅरेजवाला आपल्या आईला कधी सांगतो, याची. तो भाग झाला की हासुद्धा आपल्या आईला सांगणार होता. मला हातात धरून त्यानं कितीदा तरी तालीम केली होती. "आई, जरा बस. बोलायचं आहे." पुढचं वाक्य काही जमायचं नाही.

जिन्यावर बापाचं खोकणं ऐकू आलं की तो माझं मागच्या चॅनेलचं बटण दाबायचा. लगेच बातम्या.

आता माझ्या पोटातली गोष्ट. सकाळी, घर रिकामं झालं की आईसुद्धा तीच मालिका बघायची. त्याच कंपनीचं दुसरं चॅनेल जुने भाग दिवसभर दाखवायचं, तिथे. हातात कॉलर, तोंडात दोरा, डोळे पडद्यावर. गॅरेजवाला आईसमोर अडखळला की हिची सुई थांबायची. "अरे सांग की तिला," ती म्हणायची. "तिला कळलंय कधीच. तू सांगायची वाट बघतेय बिचारी." शेजारीण डोकावली की तिचाही अंगठा त्याच बटणावर. आणि उठताना बातम्या लावूनच टीव्ही बंद करायची, मागमूस नको म्हणून.

त्या बटणावरची खूण पार पुसली गेली होती. बेकरीवाला एकदा ते न्याहाळून म्हणाला, "एवढं मीच झिजवलं की काय?" मला वाचा असती तर तिथेच सगळं सोपं झालं असतं. पण मी पडलो रिमोट.

मग तो दिवस आला. सकाळी आई बघत असताना दुकानातून फोन आला, कॉलरी आत्ताच हव्यात. तिनं घाईघाईत टीव्ही तसाच बंद केला. बातम्या लावायच्या राहिल्या. दुपारी बेकरीवाल्यानं नेहमीसारखे चित्र यायच्या आधीच आकडे दाबले. बापाचं काम लवकर आटपलं होतं, वाटेत आई भेटली, दोघं बोलत बोलत वर आले. खोकणं झालंच नाही. कुलपात किल्ली फिरली तेव्हा यानं दचकून माझं बटण दाबलं.

बातम्या आल्या नाहीत. आईचं चॅनेल आलं. जुना भाग. डॉक्टरच्या खांद्यावर डोकं टेकून गॅरेजवाला रडत होता.

बेकरीवाला गोंधळला. मग त्याला उमगलं. हे चॅनेल त्यानं लावलं नव्हतं आणि बाप सकाळी घरात नसतो. त्यानं आईकडे पाहिलं, आणि एवढ्या वर्षांत मी त्याचा चेहरा इतका मोकळा झालेला पाहिला नव्हता.

"हे असलं कोण बघतं या घरात?" बापानं विचारलं.

आईची पाचावर धारण बसली. तिनं सरळ कानावर हात ठेवले. "मला काय माहीत," ती म्हणाली. "मी नाही बघत असलं घाणेरडं काही."

मुलाचा चेहरा मिटला. "मी बघतो, बाबा," तो म्हणाला. "आणि नुसतं बघत नाही. मी तसाच आहे."

बाप ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "मी चहा पिऊन बाहेर जातोय," तो म्हणाला. "परत येईन तेव्हा तू इथे दिसायला नकोस."

मुलानं पिशवी भरली. दाराशी आईच्या हातात मला ठेवलं. "बातम्या लावून ठेवत जा, आई," तो हळूच म्हणाला, आणि गेला. आई मला घट्ट धरून उभी राहिली.

पुढे मालिकेत डॉक्टरला परदेशी पाठवलं. गॅरेजवाल्याचं एका मुलीशी लग्न लावलं. डॉक्टरचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही, जणू तो कधी नव्हताच. आमच्याही घरात मुलाचं नाव निघत नाही. त्याचा फोन लागत नाही, आणि बेकरीत म्हणतात, तो गाव सोडून गेला.

आई आता दुपारीही बघते. परवा जिन्यावर खोकणं आलं. तिचा अंगठा माझ्या त्या बटणावर आला आणि तसाच राहिला. दाबला नाही. बाप आत येऊन उभा राहिला. पडद्यावर कसलासा साखरपुडा चालला होता.

"काय बघतेस?" त्यानं विचारलं.

"तो दुसरा परत येतो का, ते बघतेय."

"कोण दुसरा?"

"आपण घालवला तो," आई म्हणाली.

बाप चपला न काढताच आत गेला.

माझे सेल संपत आलेत. तेव्हा बेकरीवाल्या, कुठे असशील तिथे ऐक. तुला तिचं ते एकच वाक्य ठाऊक आहे. मी रोज सकाळी दुसरं ऐकत होतो. "अरे सांग की तिला. तिला कळलंय कधीच." माझ्या फटीत अजून तुझं पीठ आहे. ती मला पुसते, पण तेवढं काढत नाही.